भाडेकरू मुसलमान म्हणून सोसायटीची तोंडी हरकत: काय करता येईल?

तिसरा_मजला (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कायदा माहीत असलेल्यांनी मदत करा. बाकीच्यांनीही बोला, पण आधी पूर्ण वाचा.

पुण्याच्या पश्चिम भागात आमचा एक 2 बीएचके आहे. आम्ही नाशिकला असतो, म्हणून तो भाड्याने देतो. जुने भाडेकरू गेले आणि एजंटने एक जोडपं आणलं. तो हिंजवडीत नोकरीला, ती दातांची डॉक्टर. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, टोकन आलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन. "ताई, एजंटकडून नाव कळलं. आपल्याकडे आजवर कुणी दिलेलं नाहीये. माझं वैयक्तिक काही म्हणणं नाही हो, पण लोकांना चालणार नाही."

लोक म्हणजे कोण, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही समजून घ्या." मग तसं पत्र द्या म्हटलं. तर, "पत्रबित्र कशाला, आपण घरचीच माणसं."

हेच सेक्रेटरी गळती, पार्किंग, कुंड्या, सगळ्यावर पत्रं पाठवतात. मागच्या भाडेकरूने जिन्यात सायकल ठेवली तर मला नाशिकला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आली होती. आणि ह्या एकाच बाबतीत पत्र नको!

तर प्रश्न असा: सोसायटीला खरंच असं अडवता येतं का? आणि अडवलं तर मी काय करू?

झब्बू_दे

धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसलोय.

शिकाऊ_वकील

ताई, वकिली सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून घ्या.

लिव्ह अँड लायसन्सवर घर द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी लागत नाही. 2014 च्या नमुना उपविधींप्रमाणे (म्हणजे बायलॉज) सोसायटीला कळवायचं असतं, सोबत नोंदणी केलेल्या कराराची आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची प्रत. एनओसी (ना-हरकत पत्र) नावाचं जे प्रकरण सगळीकडे चालतं ते बहुतांशी सवयीने चालतं. करार नोंदवणं मात्र 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार तुमची जबाबदारी, ते चुकवू नका. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सोसायटी घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्याचा शासन आदेश 2001 चा आहे. सेक्रेटरींना ईमेल करा, हरकत असेल तर उपविधीच्या कलमासह लेखी मागा. 'तसल्या' भाडेकरूसाठी जादा शुल्क वगैरे सुचवलं तर तेही लेखी मागा.

आता कुणीतरी 2005 चा निकाल आणेलच, म्हणून आधीच सांगतो. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या उपविधीतच लिहिलं होतं की सभासद पारशीच हवा. सहकार निबंधक आणि गुजरात उच्च न्यायालय, दोघांनीही त्या अटीच्या विरोधात निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: संस्था स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे, सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, सहकार कायद्यात मनाई नाही, तर अट चालेल. खंडपीठावर न्या. बालसुब्रमण्यन आणि न्या. श्रीकृष्ण होते. होय, मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींची चौकशी केलेले तेच श्रीकृष्ण. मला हा निकाल पटत नाही, पण कायदा म्हणून तो उभा आहे.

फक्त तुमच्या सेक्रेटरींच्या तो कामाचा नाही. तो उपविधीत लिहिलेल्या अटीबद्दल आहे, आणि सभासदत्वाबद्दल आहे. तुमच्या उपविधीत धर्माची अट आहे का? पुण्यातल्या साध्या बिल्डरच्या सोसायटीत असण्याची शक्यता जवळपास शून्य. 1960 च्या आपल्या सहकार कायद्यात खुलं सभासदत्व हे तत्त्वच आहे, पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. भाडेकरू तर सभासदही होत नाही.

पाटावरचा

कायदा ठेवा बाजूला. ज्यांना तिथे आयुष्य काढायचं आहे त्यांच्या मताला किंमत आहे की नाही? ताई नाशिकला. भाडं त्यांना, त्रास शेजाऱ्यांना. उद्या बकरी ईदला सोसायटीच्या आवारात काय होईल ते झालं की मग बोला. आणि मला एक सांगा, मुंब्र्यात किंवा कोंढव्यात मला हिंदूला घर देतील का? सहिष्णुतेचा मक्ता फक्त आम्हीच घ्यायचा?

तिसरा_मजला

@पाटावरचा, सोसायटीच्या गेटवर मांडवासाठी खड्डे पाडतात त्यावर दरवर्षी भांडण होतं, तरी गणपती बसवणाऱ्यांना घर देऊ नका असं कुणी म्हणत नाही. आवारात काय करायचं आणि काय नाही, ह्याचे नियम करा आणि सगळ्यांना लावा. माझी ना नाही.

रत्नांग्रीकर

मी कोकणी मुसलमान. घरात बोली कोकणीतली, शाळा मराठी माध्यमाची, पुण्यात नोकरी. त्यामुळे माझा अनुभव जरा गमतीचा असतो. फोनवर एजंट खूश. "वा साहेब, आपलीच माणसं हवीत, मालक मराठीच बघतायत." मग शेवटी, "नाव काय म्हणालात?" आणि त्या सेकंदाला फ्लॅट 'कालच गेलेला' असतो. तोच फ्लॅट पुढच्या आठवड्यात त्याच फोटोंसकट वेबसाइटवर दिसतो.

@पाटावरचा, कोंढव्यात तुम्हाला घर मिळेल, हिंदू कुटुंबं तिथे भरपूर आहेत. मुंब्र्याबद्दल विचारताय तर मुंब्रा असं फुगलं कशाने ते बघा. 92-93 नंतर मुंबईतल्या मिश्र चाळींमधून जीव मुठीत धरून निघालेली माणसं तिथे गेली. ज्यांना दुसरीकडे घर मिळेना तीही गेली. मुसलमानांच्या स्थितीवरच्या सच्चर समितीने 2006 च्या अहवालात हेच नोंदवलंय की घर विकत किंवा भाड्याने मिळत नाही, म्हणून माणसं एका ठिकाणी गोळा होतात. गोळा झाली की त्या भागाला बँक कर्ज देताना नाक मुरडते. आणि मग लोक म्हणतात, बघा, ह्यांना आपल्यातच राहायचं असतं.

आमच्यातलंही सांगतो, म्हणजे एकतर्फी नको. आमच्याकडेही घरमालक जमात विचारतात, मसलक म्हणजे पंथ विचारतात. माझ्या एका मित्राला केवळ तो दुसऱ्या फिरक्याचा म्हणून आमच्याच माणसाने घर नाकारलंय. ते मला हिंदू मालकाच्या नकारापेक्षा जास्त लागलं होतं.

मुलुंडचा_मुलगा

2023 च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा बघू दिली नाही, 'महाराष्ट्रीयन अलाउड नाहीत' म्हणून. व्हिडिओ घराघरांत पोचला. ह्याच मंचावर त्याचा धागा तीनशेच्या वर गेला होता आणि @पाटावरचा, त्यात तुमचे प्रतिसाद मी आत्ता परत वाचून आलो. "ही आमची भूमी, कोण हे ठरवणारे." मला सगळे पटले होते! आता ते इथे चिकटवू का? तेव्हा सोसायटीवाल्यांच्या मताला किंमत नव्हती, आज आहे.

पाटावरचा

तुलना चुकीची आहे. मराठी माणूस महाराष्ट्रात आहे.

रत्नांग्रीकर

मीही महाराष्ट्रातच आहे हो. कैक पिढ्या.

झब्बू_दे

😄 खुर्ची वसूल.

बुधगावकर

मी सांगलीकडचा जैन. आधी एक स्पष्ट करतो, जैन म्हटलं की तुम्ही सगळे गुजराती व्यापारी डोळ्यांसमोर आणता. आमच्याकडे जैन म्हणजे ऊस आणि हळद लावणारा शेतकरी, मराठी बोलणारा.

शाकाहारी सोसायटीबद्दल दुसरी बाजू मांडतो. माझ्या आईला शेजारून मटणाचा वास आला तर खरंच जेवण जात नाही. हा द्वेष नाही, सत्तर वर्षांची सवय आहे. तिला शाकाहारी शेजार हवासा वाटणं हा गुन्हा समजू नका. पण प्रामाणिकपणे हेही सांगतो: मुंबईत ज्या इमारतीत 'फक्त शाकाहारी' पाटी आहे तिथे माझा एक शाकाहारी मुसलमान सहकारी गेला होता. असतात असे. त्याला अंड्याबिंड्याचं विचारलंच नाही, नावावरच काम संपलं. आणि त्याच इमारतीत ज्यांच्या घरी रविवारी गुपचूप पार्सल येतं ती मंडळी सुखाने नांदतायत. तेव्हा आईच्या सवयीच्या आडून कोण काय करतं ते मला कळतं.

वसईवाला

इथे ख्रिस्ती कुणी बोललेलं दिसत नाही, म्हणून आलो. आमच्या वसईत कॅथलिक घरात सामवेदी बोलतात, लग्नात मराठी गाणी असतात, तरी बाहेर "तुम्ही मराठी छान बोलता" हे ऐकावं लागतं. फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2020 ची गोष्ट. आयुष्य मराठी लिहिण्यात गेलेला माणूस. धर्मगुरू आहेत म्हणून विरोधाची पत्रं आणि फोन, धमक्याही.

पण घराच्या बाबतीत आम्ही फार सोवळे नाही. वांद्र्याची सालसेट कॅथलिक सोसायटी शंभर वर्षं जुनी आहे, नावातच कॅथलिक आहे. पारशांच्या बागा, म्हणजे वसाहती, तसंच. आणि भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचं नाव घेतात ती गावदेवीची सारस्वत सोसायटी, 1915. रावबहादुर तालमाकींनी चित्रापूर सारस्वतांसाठी उभी केली. ताडदेवची तालमाकीवाडी आहे तीही त्यांच्याच नावाने. म्हणजे सहकारी घरं ह्या देशात सुरूच झाली 'आपल्या माणसांसाठी' म्हणून. त्या काळी कारवारकडून आलेल्या कारकुनाला मुंबईत परवडणारी खोली मिळत नव्हती, बँक नव्हती, कोण उभं करणार? ज्ञातीच. तेव्हाची गरज मी समजू शकतो. पण त्या सोसायट्यांनी निदान नियम छापून ठेवले होते. तुमच्या सेक्रेटरीसारखं फोनवर नाही.

निळी_शाई

घर, धर्म आणि नकार ह्यावर बोलताय आणि बडोदा कुणी काढलं नाही ह्याचं आश्चर्य वाटतंय.

1917. बाबासाहेब कोलंबियाहून शिकून, लंडनला जाऊन, बडोदा संस्थानात नोकरीला आलेले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होतं. पारशी सराईत गेले, तिथे पारशी नावाने राहिले. काही दिवसांनी दहाबारा पारशी लाठ्या घेऊन दारात. संध्याकाळपर्यंत खोली सोड. मग एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. मग एका ख्रिस्ती मित्राकडे. तो मूळचा ब्राह्मण, त्याची बायको सोवळी. तिथेही नाही. शेवटी कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

तीन धर्म, एकच उत्तर. आणि मित्राचं वाक्य बघा, 'माझे नोकर जातील'. 'मला चालत नाही' असं तोही म्हणाला नाही. ताईंचे सेक्रेटरी काय म्हणाले? 'माझं वैयक्तिक काही नाही, लोकांना चालणार नाही.' शंभर वर्षांत वाक्य बदललेलं नाही.

आम्हाला धर्म विचारत नाहीत, आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात. तरी नाही कळलं तर घरात येऊन भिंतीवरचे फोटो बघतात. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी ह्याची चाचणी घेतली होती, 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. सारख्याच पात्रतेचे लोक, नावं तेवढी वेगळी. सर्वांत जास्त नकार मुसलमान नावांना, त्याखालोखाल दलित नावांना.

शिकाऊ_वकील

@निळी_शाई, उत्तम प्रतिसाद. त्याला जोडून एक कायद्याचा धागा.

लोक म्हणतात राज्यघटनेचं कलम 15 फक्त सरकारला लागू. 15(1) बद्दल ते बरोबर. पण 15(2) नागरिकांना एकमेकांबाबतही लागू आहे: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट. धर्म, जात, लिंग ह्यावरून अडवायचं नाही. 1948 मध्ये संविधान सभेत 'दुकान' ह्या शब्दाची व्याप्ती विचारली गेली तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं की अर्थ व्यापक घ्यायचा, पैसे घेऊन सेवा द्यायला जो बसला आहे तो त्यात आला. ह्याचा आधार सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये खाजगी शिक्षणसंस्थांच्या एका प्रकरणात घेतला.

आता माझं स्वतःचं मत, कुठल्या निकालात हे नाही: घरमालक दुकानदार आहे की नाही ह्यावर वाद घाला, पण एजंट? पाटी लावून, दलाली घेऊन, सर्वांसाठी सेवा उघडून बसलाय. तो नाव ऐकून फोन ठेवत असेल तर 15(2) त्याला का लागू नसावं? कुणीतरी हे न्यायालयात नेऊन बघायला हवं.

बे_एरिया_बंड्या

इकडचं, अमेरिकेतलं थोडं. 1968 चा फेअर हाउसिंग कायदा, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात अध्यक्षांनी सही केली. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश ह्यावरून घर नाकारता येत नाही. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या छोट्या इमारतीला सूट आहे, पण जाहिरातीत 'अमुकच हवेत' लिहायची सूट त्यालाही नाही. जुन्या खरेदीखतांत 'कृष्णवर्णीय, ज्यू, आशियाई ह्यांना विकायचं नाही' अशी कलमं असायची. काही कागदांत ती अजून छापलेली सापडतात, फक्त आता त्यांना अर्थ नाही.

भेदभाव संपला असं म्हणत नाही. पण इथे आपल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी बेसमेंट भाड्याने देताना 'इंडियन व्हेजिटेरियन हिंदू ओन्ली' असं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी मित्रांनीच घाबरून काढायला लावलं. पटलं म्हणून नाही, दंडाच्या भीतीने. भीती चांगली असते कधीकधी.

सिंगापूरची_सई

इथे उलटा प्रकार. सरकारी घरांत 1989 पासून प्रत्येक ब्लॉकला चिनी, मलय, भारतीय असा कोटा. वस्त्या वेगळ्या पडू नयेत म्हणून. लिफ्टमध्ये सगळे भेटतात हे खरं. पण कोटा भरला असेल तर आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं आणि किंमत पडते. भाड्याच्या जाहिरातीत 'नो इंडियन्स' मीही वाचलंय.

संपादक मंडळ

एक प्रतिसाद आणि त्यावरची चार उत्तरं अप्रकाशित केली आहेत. धाग्याचा विषय घरं हा आहे. सातव्या शतकात जायचं असेल त्यांनी वेगळा धागा काढावा.

भिवंडी_ठाणे_एसटी

'लोकांना चालणार नाही' ह्यावरून. आमच्या भिवंडीत 1970 ला दंगल, 84 ला दंगल. 88 साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही. सुरुवातीला सगळे म्हणायचे, चालणार नाही. बैठकीत विषय काय, तर पाणी, गटार, नळावरची भांडणं. माझे वडील एका समितीत होते, त्यांना भाषणांचा कंटाळा, पण गटारासाठी जायचे. बाबरी पडली, मुंबई जळली, आणि ज्या भिवंडीचं नाव घेतलं की लोक टरकायचे ती शांत राहिली.

एवढंच म्हणायचंय की चालणार नाही म्हणणारे 'लोक' कुणी विचारून बघितलेले नसतात. ताई, तुमच्या सोसायटीत किती फ्लॅट? त्यातल्या किती जणांना सेक्रेटरींनी विचारलं?

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. घडलं ते सांगते.

@शिकाऊ_वकील ह्यांनी सांगितल्याप्रमाणे ईमेल केला. तीन ओळी: अमुक व्यक्तीस घर देत आहे, हरकत असल्यास उपविधीच्या कलमासह आठ दिवसांत लेखी कळवावी. उत्तर आलं नाही. @भिवंडी ह्यांच्या प्रश्नावरून माझ्या मजल्यावरच्या दोन्ही शेजारणींना फोन केला. दोघींनाही काही माहीत नव्हतं. एक म्हणाली, दातांची डॉक्टर? बरंच झालं. दुसरी जरा थांबली, मग म्हणाली, मला चालेल पण माझ्या नावाने सांगू नका. म्हणजे हरकत घेणारा नाव सांगत नाही आणि हरकत नसलेलाही नाव सांगत नाही!

शेवटी सेक्रेटरींचा फोन. "ताई, तुमची मर्जी. आम्ही काही अडवलेलं नाही." बरं.

पण ते जोडपं येत नाहीये. एजंटने मधल्या काळात त्यांना सगळं ऐकवलं होतं. तिने मला स्वतः फोन केला, फार नीट बोलली. म्हणाली, "करार होईल हो आंटी, पण हे दिवसभर ऑफिसला, मी दुपारी घरी एकटी असणार. वॉचमनपासून सगळ्यांनी टाळलं तर कुणाकडे जाऊ?" त्यांनी कोंढव्यात घर घेतलंय, भाडं माझ्यापेक्षा जास्त, हिंजवडी तिथून लांब. टोकन परत केलं.

पाटावरचा

बघा, त्यांनाच त्यांच्यात राहायचं होतं.

रत्नांग्रीकर

काका, तुम्ही खरंच शेवटचा परिच्छेद वाचलात का?

मुलुंडचा_मुलगा

मी त्यांचे मुलुंडचे प्रतिसाद आता चिकटवतोच.

निळी_शाई

ताई, तो ईमेल जपून ठेवा. पुढच्या वेळी करार आधी नोंदवा आणि सोसायटीला नंतर कळवा. क्रम महत्त्वाचा. आणि एजंट बदला, नाव त्यानेच फोडलं.

शिकाऊ_वकील

+1. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला नाशिकहून या. विषयपत्रिकेवर 'भाडेकरूबाबत समितीचे अधिकार' हा विषय आधी लेखी द्या. इतिवृत्तात काय लिहितात ते बघायला मजा येईल.

तिसरा_मजला

सभेला जाणार आहे. एजंट बदलला. नवीन माणसाला सांगितलंय, माझ्या फ्लॅटसाठी नाव आणि धर्म विचारायचा नाही. पगार विचार, आणि कुत्रा आहे का ते विचार.

झब्बू_दे

कुत्रा चालतो का पण? खरंच शोधतोय. व्यक्तिगत निरोप केलाय.